कूलर माळ्यावरून उतरवण्याआधी

होळी जवळ आली की विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात माळ्यावरचे, जिन्याखालचे, गच्चीवर ताडपत्री घालून ठेवलेले कूलर बाहेर निघू लागतात. ओल्या फडक्याने धूळ पुसली जाते, ताट्यांमधली घास बदलली जाते, टाकीत दोन बादल्या पाणी पडते आणि कुणीतरी बटण दाबते. गार वारा आला की काम संपले. मग एप्रिल-मे महिन्यांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते : कूलरचा शॉक लागून मृत्यू. गाव बदलते, वय बदलते, बातमी दर उन्हाळ्यात तीच असते.

थंडी सरताना आपण घर आवरतो ते बहुधा डोळ्यांना दिसते तेवढे. जाळी-जळमटे काढतो, पंख्याची पाती पुसतो, स्वेटर धुऊन ठेवतो. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर खरे काम दुसरीकडेच असते. चार-पाच महिने बंद पडून राहिलेल्या आणि आता एकदम पूर्ण ताकदीने चालवायच्या वस्तू, तळाशी गाळ साचलेली पाण्याची टाकी आणि उन्हाचा मारा झेलणारा स्लॅब, या तीन ठिकाणी ते असते. शिवाय या कामाला पूर्वी मिळायची तेवढी सवड आता मिळत नाही. मार्च 2022 मधले देशाचे सरासरी कमाल तापमान हे 1901 पासूनच्या नोंदींत तोवरचे सर्वाधिक ठरले होते. ‘होळीनंतर बघू’ म्हणेपर्यंत पारा चाळिशीला टेकलेला असतो, आणि तेव्हा इलेक्ट्रिशियन फोनसुद्धा उचलत नाही.

सुरुवात कूलरपासूनच करू, कारण जिवाशी सर्वांत थेट गाठ त्याचीच आहे. कूलर म्हणजे पाणी, वीज आणि बहुतेकदा लोखंडी पत्रा एकाच डब्यात. पाण्यात छोटा पंप बुडालेला असतो, त्याची वायर पत्र्याला पाडलेल्या भोकातून बाहेर येते आणि त्या भोकाची कड धारदार असते. वर्षभराच्या थरथरीने वायरचे आवरण तिथेच झिजते. माळ्यावर पडून असताना उंदीर वायर कुरतडतात. पंपाचे सील कडक होऊन तडकते आणि पाणी आत शिरते. यांपैकी काहीही झाले की फेजची तार पत्र्याला लागते आणि अख्खा कूलर 230 व्होल्टचा होऊन उभा राहतो. दिसायला काहीच बदल नाही. पंखा फिरतो, वाराही गार येतो.

आता शरीराचा हिशेब. कोरड्या त्वचेचा विजेला बराच विरोध असतो. हात ओले, पाय अनवाणी आणि फरशीवर पाणी सांडलेले असेल तर हा विरोध साधारण एक हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. 230 भागिले 1000 केले की 230 मिलिअँपिअर प्रवाह अंगातून जाऊ शकतो, असे उत्तर येते. दहा मिलिअँपिअरच्या आसपासच हाताचे स्नायू असे आवळतात की पकड सोडवत नाही. ‘करंटने ओढून धरले’ असे लोक म्हणतात, पण वीज कुणाला ओढत नाही. मूठ मिटवणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात, एवढेच. तीसच्या पुढे प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो.

‘आमच्याकडे एमसीबी आहे, लगेच पडतो,’ असे यावर हमखास सांगितले जाते. हा समज महागात पडणारा आहे. एमसीबी माणसाला वाचवण्यासाठी नसतोच, तो वायरिंगला वाचवतो. सोळा अँपिअरचा एमसीबी प्रवाह सोळा अँपिअरच्या पुढे गेल्याशिवाय हलत नाही. सोळा अँपिअर म्हणजे 16,000 मिलिअँपिअर, म्हणजे जीवघेण्या सीमेच्या पाचशे पटींहून अधिक. तुमच्या अंगातून जाणारा 230 मिलिअँपिअर त्याला जाणवणारही नाही.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. जुन्या घरांत आणि जुन्या कारागिरांच्या तोंडी ईएलसीबी. त्याचे काम हिशेबनिसासारखे आहे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो सतत मोजत असतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठूनतरी, कदाचित कुणाच्यातरी शरीरातून, वीज जमिनीत चालली आहे असे धरून तो सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडतो. त्याच्यावर ‘टी’ लिहिलेले एक बटण असते. ते दाबून बघायचे. आरसीसीबी खटकन पडला तर ठीक. नाही पडला तर तो बदलेपर्यंत कूलर लावू नये. हे करायला अर्धे मिनिट लागते आणि बहुतेक घरांत ते बटण बसवल्यापासून कुणी दाबलेले नसते. बोर्डावर असे बटणच दिसत नसेल तर आरसीसीबी बसवून घेणे हा या हंगामातला सर्वांत मोलाचा खर्च आहे. रंगकाम पुढच्या वर्षी केले तरी चालेल.

दुसरा पहारेकरी अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन जरा लांब असते, ती मुद्दाम; वीज लागण्याआधी जमिनीशी जोड लागावी म्हणून. आपल्याकडे ती ‘बसत नाही’ म्हणून कापली तरी जाते, नाहीतर कूलरलाच दोन पिनांचा प्लग लावलेला असतो. आणि पिन शाबूत असली तरी जमिनीतले टोक काय म्हणते, हे कुणी बघत नाही. अंगणाच्या कोपऱ्यात मीठ-कोळसा घालून पुरलेली अर्थिंगची पट्टी किंवा नळी मातीच्या ओलाव्यावर काम करते. पावसाळ्यात ती उत्तम असते. मार्चपासून माती सुकत जाते आणि तिचा विरोध वाढतो. नेमके तेव्हाच कूलर सुरू होतात.

याचा परिणाम आकड्यांत बघा. अर्थिंगच्या वाटेचा विरोध एक ओहम असेल, तर फेज पत्र्याला लागताक्षणी दोनशेहून अधिक अँपिअर जमिनीत धावतील आणि एमसीबी पडेल. तोच विरोध सुकलेल्या मातीमुळे 50 ओहम झाला, तर जेमतेम साडेचार अँपिअर जातील. एमसीबी शांत, कूलर चालू, पत्र्यात वीज. काळ्या मातीत खोल भेगा पडतात अशा भागात तर अर्थिंगच्या खड्ड्याला उन्हाळाभर दर आठवड्याला बादलीभर पाणी घालणे हे तुळशीला पाणी घालण्याइतके नेमाचे हवे. इलेक्ट्रिशियन आलाच असेल तर त्याच्याकडून अर्थिंग मोजून घ्यावे. दिवा लागतो का, एवढे बघून समाधान मानू नये.

बाकीची कामे सोपी आहेत. वायर टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपून बघायची, अर्थात प्लग काढून. भोकाच्या कडेला रबरी वॉशर हवा. पंप दोन वर्षे जुना असेल तर नवाच घ्यावा. त्याची किंमत एका कुटुंबाच्या हॉटेलातल्या जेवणाहून कमी असते. पाणी भरताना, ताटी उघडताना, खिडकीची बाजू पुसताना नुसते बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर जोडलेले असते, आणि मग बटण बंद असूनही फेज आत शिल्लक राहते. प्लगच काढायचा. आणि कुणी चिकटलेच, तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा.

विजेनंतर पाणी. कूलरच्या टाकीचा तळ आपण धुतो, पण भिंती नुसत्या विसळतो. डेंगीचा डास, एडिस इजिप्ती, अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवून ठेवतो. काळ्या ठिपक्यांसारखी ही अंडी कोरडी पडली तरी मरत नाहीत, कित्येक महिने तग धरतात. म्हणजे ऑक्टोबरात कूलर रिकामा करून ठेवला तेव्हा भिंतीला लागलेली अंडी मार्चमध्ये पाणी चढताच फुटू शकतात, आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. गेल्या पावसाळ्यातला डास माळ्यावर बसून तुमची वाट पाहत असतो, असे म्हटले तरी चालेल.

म्हणून नुसते विसळणे नको. ताठ ब्रशने, साबण लावून, चारही भिंती आणि कोपरे घासायचे. पाण्याच्या पांढऱ्या क्षारांची जी रेघ दिसते, तिच्या आसपास अधिक जोर लावायचा. आणि पुढे उन्हाळाभर आठवड्यातून एकदा कूलर पूर्ण रिकामा करून, पुसून, कोरडा करायचा. आरोग्य विभाग ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणतो त्याचे गणित हेच आहे : डास तयार व्हायला आठवड्याहून जरा जास्त लागतो, त्याआधी पाणी काढून टाकले की साखळी तुटते. फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रेही त्याच दिवशी. तो ट्रे असतो हेच अनेकांना ठाऊक नसते.

कूलर लावण्याच्या जागेबद्दलही थोडे. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता काढली जाते. कूलरचा गारवा येतो तो इथून. बाहेर 44 अंश आणि आर्द्रता पंधरा-वीस टक्के असेल तर चांगला कूलर 27 ते 29 अंशांची हवा देऊ शकतो. मात्र तीच हवा खोलीत कोंडली तर ती दमट होत जाते, वाफ होणे मंदावते आणि घाम सुकेनासा होतो. कूलर खिडकीबाहेर आणि समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे, ही रीत म्हणून योग्य. मुंबई, कोकण किंवा गोव्यात हवाच मुळात दमट असते. तिथे कूलरवर खर्च करण्यात फारसा अर्थ नाही.

आता पिण्याच्या टाकीकडे वळू. उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड, कुठे चार दिवसांनी येते. साठा जास्त दिवस राहतो आणि टाकीतले पाणी कोमट होते. नगरपालिकेने पाण्यात सोडलेला क्लोरीन टाकीच्या तळाशी बसलेला गाळ आणि भिंतीवरचा बुळबुळीत थर खाऊन टाकतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. गाळ भरलेल्या टाकीत तेवढाही उरत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी घासून गाळ काढायचा, मग निर्जंतुक करायचे. गाळावरच ब्लीचिंग पावडर टाकणे म्हणजे ती वाया घालवणे.

पाण्याची टंचाई असताना टाकीभर औषधी पाणी ओतून देणे जिवावर येते. त्यासाठी कमी पाण्याची एक पद्धत आहे. दहा लिटरच्या बादलीत आठ ते दहा ग्रॅम, म्हणजे दोन-अडीच छोटे चमचे ताजी ब्लीचिंग पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरच्या निवळीने टाकीच्या आतल्या सर्व भिंती, तळ आणि झाकणाची आतली बाजू ब्रशने भिजवायची. अर्धा तास ओल टिकवायची आणि स्वच्छ पाण्याने धुऊन ते पाणी काढून टाकायचे. हातात रबरी मोजे हवेत. उघडे पडलेले जुने पाकीट नको. ब्लीचिंग पावडरमधला क्लोरीन उडत जातो आणि उरतो तो नुसता चुना.

एक गोष्ट ठळक सांगायला हवी. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नये. दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद जागेत तो फुप्फुसांना भाजून काढतो. ‘दोन्ही मिसळले की जास्त स्वच्छ’ ही कल्पना बरीच घरे बाळगून असतात.

गच्चीवरची प्लास्टिकची टाकी बाहेरून लांब दांड्याच्या ब्रशने धुता येते, आत उतरायची गरज नाही. जमिनीखालची टाकी मात्र वेगळे प्रकरण आहे. बंद टाकीत ऑक्सिजन कमी झालेला असू शकतो, गाळातून विषारी वायू साठलेले असू शकतात, आणि आत उतरलेला माणूस ओरडायच्या आधीच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. एकाच टाकीत दोन-तीन मृत्यू होतात ते असे. मेणबत्ती सोडून बघण्याची जुनी रीत भरवशाची नाही. ज्योत तेवत राहिली तरी विषारी वायू असू शकतो. झाकणे आदल्या दिवसापासून उघडी ठेवावीत, लहान मुले-जनावरे पडणार नाहीत असा आडोसा करावा आणि हे काम साधने व माहिती असलेल्या माणसांकडूनच करून घ्यावे. सोसायटीत रोजंदारीवर आणलेल्या एकट्या मुलाला दोर न बांधता टाकीत उतरवणे बंद व्हायला हवे, आणि त्याची जबाबदारी घरमालकांचीच आहे.

तिसरे काम वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी. उघड्या काँक्रीटच्या गच्चीचा पृष्ठभाग मे महिन्यातल्या दुपारी 60 अंशांच्या पुढे तापतो. ही उष्णता स्लॅबमधून खाली यायला काही तास घेते. त्यामुळे सूर्य मावळला, बाहेर वारा सुटला, तरी रात्री नऊ-दहाला छत तापलेल्या तव्यासारखे खाली उष्णता सोडत राहते. पंखा तीच हवा अंगावर आणून टाकतो. दिवसभर उन्हाने थकलेल्या शरीराला रात्री गार व्हायला अवधी मिळाला नाही, की त्याचा ताण दुसऱ्या दिवशीवर जातो. म्हाताऱ्या माणसांत, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांत आणि तान्ह्या बाळांत तो आधी दिसतो.

अहमदाबादने याची किंमत मोजली आहे. मे 2010 मध्ये तिथे पारा 46.8 अंशांवर गेला आणि त्या महिन्यात एरवीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. 2013 मध्ये त्या शहराने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे त्यात पांढऱ्या छतांचा समावेश झाला. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणले.

तंत्र मात्र आपल्या आजोबांच्या काळातले आहे. चुना. ताज्या पांढऱ्या चुन्याचा थर ऊन बहुतांश परत फेकतो, तर जुने काळवंडलेले काँक्रीट बहुतांश पिऊन घेते. वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्याने दोन-तीन अंशांचा फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटतो, पण रात्री झोप लागणे आणि न लागणे यांतले अंतर कधीकधी तेवढेच असते. विरलेल्या चुन्यात थोडा फेव्हिकॉल घातला की थर चांगला धरतो. दोन हात द्यायचे, संध्याकाळी द्यायचे, आणि लावताना डोळे सांभाळायचे. चुना डोळ्यात गेला तर तो डोळा पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटे धरून मग डॉक्टरकडे. पावसाळ्यात हा थर बराचसा धुऊन जातो, त्यामुळे दर वर्षी नवा द्यावा लागतो. बाजारातले खास रंग जास्त टिकतात, चिनीमातीच्या फुटक्या फरशांचा चायना मोझॅक तर वर्षानुवर्षे; पैसे असतील तर तेही उत्तम. पण धूळ बसली की कुठलेही पांढरे छत निम्मे काम करते, म्हणून महिन्यातून एकदा झाडू हवाच. चुना देण्याआधी गच्चीवरच्या भेगा बुजवून घेतल्या तर जूनमधल्या गळतीचेही काम होऊन जाते. स्लॅब पूर्ण कोरडा असतो तो याच दिवसांत.

एसी असणाऱ्यांना एवढेच : जाळी स्वतः काढून नळाखाली धुवा, तो एक्स्टेन्शन बोर्डावर कधीही लावू नका, आणि प्लग चालवल्यानंतर अर्ध्या तासाने गरम लागतो का ते बघा. गरम लागला तर आतली जोड सैल आहे आणि आग लागते ती तिथूनच. बाहेरच्या युनिटवर कबुतरांनी घरटे केले असेल तर वाळलेली विष्ठा झाडूने उडवू नका. तिची धूळ सतत श्वासात गेल्याने काहींच्या फुप्फुसांना कायमची सूज येते. आधी पाणी मारायचे, तोंडाला चांगला मास्क, मग खरवडायचे.

शेवटी रजया आणि गोधड्या. त्यांत धुळीतले सूक्ष्म किडे राहतात, आणि दम्याच्या रुग्णाला त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेचा आणि मेलेल्या शरीरांचा. फेब्रुवारी-मार्चचे कोरडे ऊन त्यांना मारते, पण मेलेले तिथेच राहतात. म्हणून दिवसभर उन्हात घातल्यावर रजई घराबाहेर काठीने झोडपायची आणि खोळ गरम पाण्यात धुवायची. झोडपणारा दम्याचा रुग्ण नसावा. नंतर कपाटात ठेवताना डांबरगोळ्या टाकल्या जातात, त्याबद्दल जरा जपून. नॅफ्थलीनची वाफ कपड्यांत मुरते, आणि जी6पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या नवजात बाळाला असे कपडे घातले तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता आहे हे पालकांना बहुधा माहीतही नसते. ज्या घरी येत्या हिवाळ्यापर्यंत पाळणा हलणार आहे, तिथे बाळाच्या दुपट्यांच्या, टोपड्यांच्या गाठोड्यात डांबरगोळी नको. कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकावा, आणि डिसेंबरात कपडे धुऊन, उन्हात वाळवून मगच बाळाला घालावेत.